शाळा तपासायला बाईच हवी, असं सरकारला सांगणाऱ्या पंडिता रमाबाई. केडगावच्या माळावर उभी केली स्वतःची कसोटी

केडगाव (ता. दौंड) : शाळा तपासणीला साहेब येणार म्हटलं की आजही गावात धावपळ उडते. भिंती रंगतात, तक्ते लागतात, पोरांना पाढे घोकवून घेतले जातात. साहेब शेरा मारून जातात. आता तर आयएसओ मानांकन, कॉलेजला नॅकची श्रेणी, असली नावंही गावकऱ्यांच्या तोंडी आली आहेत. पण शाळा चांगली कशावरून म्हणायची, ती कुणी तपासायची आणि तपासणाऱ्याची नियत काय असावी, हा प्रश्न काही आजचा नाही. 1882 साली पुण्यात चोवीस वर्षांच्या एका विधवा बाईनं सरकारी आयोगासमोर तो उभा केला होता. पुढं तिनंच केडगावला मुलींची मोठी संस्था उभारली. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव दौंड तालुक्यात माहीत नाही असं घर सापडणं कठीण. तरी मुक्ती मिशनच्या कुंपणाबाहेर त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, त्या मोठ्या संस्कृत पंडित होत्या. दुसरी, त्या ख्रिस्ती झाल्या. या दोन्हींच्या मध्ये त्यांनी शाळेसाठी जो झगडा दिला, तो मात्र मागंच राहिला.

जंगलात शिकलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकात पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे विद्वान. बाईनं संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण अनंतशास्त्र्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवलं. त्यावरून समाजाचा रोष ओढवला, तरी माघार घेतली नाही. पुढं लक्ष्मीबाईंनीच लेकीला शिकवलं. रमाबाईंची पहिली शाळा म्हणजे आई. ना फळा, ना पाटी, ना हजेरीपट. सगळं तोंडपाठ.

हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगून जगायचं. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळात अन्नाविना हाल झाले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं भाऊबहीण पायी हिंदुस्थानभर हिंडले. उपाशी पोट म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकात वाचावं लागलं नाही. पुढं दुष्काळातल्या पोरींना त्या गाडीत घालून केडगावला आणत होत्या, त्याचं मूळ इथं आहे.

1878 साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषाही वेगळी. मुलगी मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं नवराही गेला. कडेवर लेकरू घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

1882 चा आयोग आणि रमाबाईंची साक्ष

पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारक मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. याच आयोगाला महात्मा जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाबद्दल निवेदन दिलं. आणि याच आयोगासमोर रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली.

त्या साक्षीचं मोल कळायला त्या काळची पद्धत समजून घ्यायला हवी. 1854 सालच्या वुडच्या खलित्यानं सरकारनं ठरवलं, की खासगी शाळांनाही अनुदान द्यायचं. मिशनऱ्यांच्या ख्रिस्ती शाळाही त्यात आल्या. अट अशी, की लिहिणं-वाचणं-गणित असलं व्यवहारी शिक्षण नीट द्यायचं, कारभार चोख ठेवायचा आणि सरकारी तपासणी मान्य करायची. धर्म शिकवता की नाही, यात तपासनिसानं पडायचं नाही. आजच्या मान्यता, अनुदान आणि तपासणी या तिन्ही शब्दांचा पाया तिथं घातला गेला.

मुंबई इलाख्यात तर अनुदान निकालावर मिळायचं. तपासनीस यायचा, एकेका पोराला वाचायला लावायचा, गणित घालायचा. जितकी पोरं पास, तितके पैसे. ऐकायला हे सरळ वाटतं. पण मुलींच्या शाळेत गोष्ट वेगळी होती. दहा-अकराव्या वर्षी लग्न होऊन मुलगी शाळेतून जायची. वरच्या इयत्तेत बसायलाच कुणी उरत नसे. मग पास कोण होणार आणि अनुदान कुठून येणार? त्यात समोर अनोळखी पुरुष साहेब. घरात परक्या पुरुषापुढं तोंड न उघडणारी पोर त्याच्यापुढं धडा वाचेल तरी कशी?

मुलींच्या शाळा त्या वेळी बऱ्याचशा मिशनच्या होत्या. नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी किती तरी वर्षं मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे धडे तिथंच घेतले असं सांगितलं जातं. पण फरारबाईंसारख्या शिक्षिका मोजक्या. बाकी ठिकाणी शिकवायला बाई मिळत नसे.

रमाबाईंनी आयोगाला नेमकं तेच सांगितलं. शिकवणाऱ्या बाया आधी तयार करा, त्यांना स्वतःची भाषा चांगली यायला हवी आणि इंग्रजीही. शिकताना त्यांना शिष्यवृत्ती द्या, राहायला जागा शाळेच्या आवारातच द्या. पगार पुरुष मास्तरापेक्षा जास्त ठेवा, कारण तिला अब्रूनं राहायचं आहे. आणि मुलींच्या शाळा तपासायला बायकाच नेमा. पुरुष तपासनीस मुलींच्या शाळेकडं मदत करायच्या डोळ्यांनी बघत नाहीत, चूक मोहरीएवढी असली तरी डोंगराएवढी करून दाखवतात, असा त्यांचा रोख होता. बायकांना डॉक्टरकीचं शिक्षण मिळावं ही मागणीही त्यांनी त्याच साक्षीत केली.

ही साक्ष हंटरसाहेबांना इतकी महत्त्वाची वाटली, की त्यांनी ती इंग्रजीत करवून वेगळी छापून घेतली. आयोगाच्या शिफारशींत मुलींच्या शाळांना सढळ अनुदान आणि स्त्री तपासनीस या गोष्टी आल्या. 1885 साली बायकांच्या औषधोपचारासाठी लेडी डफरिन फंड निघाला, त्यामागंही या साक्षीचा धागा असल्याचं मानलं जातं.

दुसऱ्यांच्या शाळा पाहून आल्या

सांगून भागत नाही, हे रमाबाईंना ठाऊक होतं. 1883 साली त्या मुलीला घेऊन विलायतेला गेल्या. डॉक्टर व्हायचा बेत होता, पण कानानं कमी ऐकू येऊ लागल्यानं तो सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज इथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला.

पण धर्म बदलला म्हणून मान तुकवली असं झालं नाही. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात डोरोथिया बील या नामांकित मुख्याध्यापिकेच्या हाताखाली त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मुकाट्यानं मानली नाही. श्रद्धेच्या बाबतीतही पुढचं पाऊल त्या स्वतःच्या बुद्धीला पटल्याशिवाय टाकत नसत. हिंदू शास्त्र्यांना जे प्रश्न विचारले, तेच त्यांनी पाद्र्यांनाही विचारले.

1886 साली त्या अमेरिकेत गेल्या, निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातला पदवीदान समारंभ. गेल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या दोन वर्षांहून जास्त. तिथं त्या शाळाच शाळा पाहत हिंडल्या. लहान मुलांना खेळातून शिकवायची फ्रोबेलची बालवाडीची पद्धत त्यांना फार पटली. ती पद्धत त्यांनी स्वतः शिकून घेतली आणि मुलींसाठी मराठी वाचनमाला लिहायला घेतली. हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याच्या हजारो प्रती खपल्या. 1887 च्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं शाळेचा खर्च उचलायचं तिनं कबूल केलं. अट एकच महत्त्वाची. शाळेत धर्माचा आग्रह धरायचा नाही. मुलीनं आपला धर्म, आपली जात, आपला स्वयंपाक जसा आहे तसा पाळावा, कुणी आड यायचं नाही. दरसाल अहवाल आणि हिशेब द्यायचा.

शारदा सदन : नाव झालं आणि विश्वास तुटला

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. समारंभाच्या अध्यक्षस्थानी लेखिका काशीबाई कानिटकर होत्या. सुरुवातीला मुली दोन. त्यातली गोदूबाई ही पहिली विधवा विद्यार्थिनी. 1890 च्या अखेरीस शाळा पुण्याला आली. शाळेचं शिक्षण चांगलं होतं, हे विरोधकही नाकारत नव्हते. विधवा पोरींचे केस कापले जात नसत, त्यांना टाकून बोललं जात नसे. इंग्रजी, गणित, शास्त्र, बालवाडीचं शिक्षण, सगळं मिळायचं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळावर होती. हे मंडळ म्हणजे त्या काळचं जणू प्रमाणपत्रच. रानडे आहेत म्हटल्यावर बाप आपली विधवा लेक निर्धास्तपणे पाठवायचा.

अडचण झाली ती प्रार्थनेची. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणाला बोलावत नाही आणि येणारीला हाकलणारही नाही. पालकांचं म्हणणं वेगळं होतं. जी बाई पोरींची आई झाली आहे, तिच्या खोलीचं उघडं दार म्हणजेच बोलावणं. केसरीनं टीकेची झोड उठवली. काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडं झाल्याचं दिसलं. 1893 साली रानडे-भांडारकरांसह सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

या भांडणात कोण खरं, यावर आजही दोन मतं आहेत. रमाबाईंना वाटत होतं, की आपण दिलेला शब्द पाळला. सुधारकांना वाटत होतं, की शब्दाचं अक्षर पाळलं, पण आशय मोडला. बोस्टनच्या मंडळींनी मात्र ऐकीव गोष्टींवर निकाल दिला नाही. असोसिएशनच्या ज्युडिथ अँड्र्यूज पुण्याला येऊन शाळा बघून गेल्या आणि असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी राहिली.

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शारदा सदनची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. तीच पुढं आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. 1896 साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि बायांनी त्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. म्हणजे ख्रिस्ती बाईच्या शाळेत शिकलेली मुलगी हिंदू विधवांच्या दुसऱ्या शाळेचा आधार झाली.

केडगावचा माळ

बोस्टनची मदत दहा वर्षांची. पुढं काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी सुमारे 100 एकर जमीन घेतली होती. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, हा हिशेब. विहिरी खोदल्या, झाडं लावली.

तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता, सरकारी निर्बंध होते, एवढ्या पोरी शहरात ठेवता येईनात. मग सगळा लवाजमा केडगावच्या माळावर आला. आधी झोपड्या, मग इमारती. प्लेगच्या काळात सरकारी दवाखान्यात बायकांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्धही रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती आहे म्हणून गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

1898 साली मुदत संपल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला जाऊन आल्या आणि दहा वर्षांच्या कामाचा अहवाल दिला. त्याच वर्षी केडगावला मुक्ती सदनाचं रीतसर उद्घाटन झालं. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. शारदा सदनसारखी तटस्थतेची अट इथं नव्हती आणि तसा दावाही नव्हता. 1900 च्या आसपास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता कसोटी खरी होती. पुण्यातल्या शाळेत निवडक मुली होत्या. इथं आल्या त्या हाडाचा सापळा झालेल्या, अक्षराची ओळख नसलेल्या, काही अत्याचार सोसलेल्या, काही आंधळ्या. यांना निकालावरच्या अनुदानाच्या फूटपट्टीनं मोजलं असतं, तर सगळ्या नापास.

रमाबाईंनी मोजायची रीतच बदलली. बालवाडीपासून इंग्रजी शाळेपर्यंत वर्ग सुरू केले. हुशार मुलींना शिक्षिका करायला वेगळं प्रशिक्षण दिलं, म्हणजे आयोगासमोर जे मागितलं ते इथं स्वतः केलं. शिकवणाऱ्या बाया आवारातच राहायच्या. आणि प्रत्येकीला हाताचं काम. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, स्वयंपाक, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळं बायाच करायच्या. आंधळ्या मुलींसाठी बर्तमी सदन निघालं, तिथं ब्रेल लिपीत वाचायला आणि विणायला शिकवलं जाई. फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन. इथून बाहेर पडणारी बाई कुणापुढं हात पसरणार नाही, ही इथली पास होण्याची अट.

मुलगी मनोरमा मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली आणि शाळेची मुख्याध्यापिका झाली. विद्यापीठाची पदवी ही बाहेरची कसोटी, तीही रमाबाईंनी टाळली नाही. मायलेकींच्या प्रयत्नानं गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा निघाली.

शेवटची वर्षं

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. आधीचं भाषांतर खेड्यातल्या साध्या बाईला कळत नाही, हे त्यांचं कारण. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. इथंही तपासायची रीत तीच. पुस्तक विद्वानाला पटलं की नाही हे नंतर, आधी केडगावच्या बाईला समजलं पाहिजे.

1919 साली सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. 1921 साली मनोरमा गेली. सगळं काम जिच्या हाती सोपवायचं ती लेकच आधी गेली. रमाबाईंनी उरलेलं भाषांतर पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच डोळे मिटले. 1989 साली भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं.

शारदा सदनात तुटलेल्या विश्वासाचा हिशेब इतिहासकार अजून मांडतात. तो मांडायलाच हवा, कारण शाळा कितीही चांगली असली तरी आई-बापाला दिलेला शब्द हीसुद्धा शाळेची एक परीक्षाच असते. पण 1882 च्या साक्षीतली मागणीही त्याच हिशेबात धरावी लागते. शाळा तपासणारा माणूस चुका शोधायला येतो की शाळा उभी राहावी म्हणून येतो, हे आधी तपासा, असं त्या मागणीचं सार होतं. केडगाव स्टेशनवर उतरलं, की मुक्ती मिशनचं आवार जवळच आहे. संस्था आजही चालू आहे आणि रमाबाईंची समाधीही तिथंच आहे.